पाच मिनिटांचा सूर्यास्त

माणसाला सिनेमाचा दिग्दर्शक व्हायचं असेल तर त्याने आधी काय शिकावं, याबद्दल फागालूपे गावात एकूण अकरा मतं होती, आणि ती अकराही फिलेमुला न विचारता मिळाली.

तिचं चुकलं एवढंच की ऑकलंडच्या सिनेमाशाळेचा अर्ज तिने आपल्या शाळेच्या छपाईयंत्रावर छापला आणि पानं हातात धरून, उघड्यावरून, घरी चालत आली. दुपारचा चहा होईतो गावभर झालं. समुद्रकाठच्या गावात बातमीला पाय नसतात, शीड असतं. वारा असेल तिकडे सुटते.

बेटांवरच्या उमेदवारांसाठी त्या शाळेत वर्षाला एक जागा होती, शिष्यवृत्तीसकट. वय पस्तिशीच्या आत हवं. फिलेमुला येत्या मार्चमध्ये पस्तीस पूर्ण होणार होती, म्हणजे ही होडी गेली की किनाऱ्यावर दुसरी होडी नव्हती. अर्जासोबत स्वतः केलेला पाच मिनिटांचा सिनेमा जोडायचा: माणूस एक, जागा एक, संवाद नाहीत. मुदत नोव्हेंबरातल्या शेवटच्या सोमवारी, दुपारी चारपर्यंत, राजधानी आपियातल्या शिष्यवृत्ती कचेरीत.

फिलेमु शाळेत गणित शिकवायची, पण तिचा जीव गणितात नव्हता. दर ऑक्टोबरात मुलांचा रविवार यायचा, आणि पांढऱ्या कपड्यांतली चाळीस पोरं घेऊन चर्चमध्ये नाटुकलं बसवायचं काम बारा वर्षं तिच्याकडे होतं. बारा वर्षांत तिने सहा वेळा दानिएलला सिंहांच्या गुहेत ढकललं आणि सहाही वेळा सुखरूप बाहेर काढलं. एकदा एका सिंहाला ऐन गर्जनेत शू लागली. एकदा देवदूत रुसून आंब्यावर जाऊन बसला आणि सगळी आकाशवाणी त्याने तिथूनच केली. तरी बाया रडल्या, बाप्ये खाकरले, पाद्री घड्याळ बघायला विसरले. बसायचं कुणी, उभं राहायचं कुणी, कुणी कधी गप्प व्हायचं, एवढं जमलं की माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं, हे फिलेमुला तिथे कळलं होतं. आता ते शाळेत जाऊन नीट शिकावं, अशी तिची इच्छा होती. इच्छा मोठी नव्हती, पण तिच्या मापाची होती.

शेजारच्या लुसियामावशीचं मत असं की शाळाबिळा सगळं खोटं. त्यांचा भाचा ऑकलंडमध्ये सिनेमाच्या कंपनीत तीन वर्षं तारा गुंडाळत होता, आणि आता तो दुसऱ्यांना तारा गुंडाळायला लावतो. दिग्दर्शन म्हणजे तरी दुसरं काय. पाद्रीबुवांचं म्हणणं पडलं की दिग्दर्शकाने प्रवचन ऐकून शिकावं, कारण कुठे थांबायचं हीच खरी विद्या. ही विद्या त्यांनी पाऊण तास समजावून सांगितली.

नववं मत बसमध्ये मिळालं. आपियाला जाणारी लाकडी बस नेहमीसारखी भरली, आणि भरल्यावर रिवाजाप्रमाणे लोक एकमेकांच्या मांडीवर बसले. फिलेमुच्या वाट्याला एक रुंद गृहस्थ आले. ते पूर्वी एका परदेशी सिनेमात गर्दीत उभे राहिले होते आणि त्यांचा खांदा पडद्यावर आला होता. दिग्दर्शकाला आधी टोपी लागते आणि मग घसा, बाकीचं आपोआप येतं, असं त्यांनी सांगितलं. रस्त्यात भेटलेल्याचा सल्ला टाळून पुढे जाता येतं. मांडीवर बसलेल्याचा कसा टाळणार?

कचेरीच्या खिडकीमागचे साहेब स्वभावाने गोड होते, हीच अडचण होती. रागीट माणूस एकदा नाही म्हणून मोकळा होतो. यांनी तिला बसायला खुर्ची दिली, आईची विचारपूस केली, आणि मग हळुवारपणे सांगितलं की त्यांच्याकडे परिचारिका, हिशेबनीस, शेती आणि मासेमारी असे चार खण आहेत. दिग्दर्शन कोणत्या खणात घालायचं? फिलेमु म्हणाली, 'इतर' नावाचा खण दिसतोय की. साहेब म्हणाले, दिसतोय खरा, पण त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते मावसचुलत्याच्या मयताला गेलेत. कधी येतील? साहेबांनी हात पसरले. मयत मोठं होतं.

मग त्यांनी अर्ज चाळला. 'दिग्दर्शनाचं पूर्वशिक्षण' या रकान्यात फिलेमुने लिहिलं होतं: मुलांचे बारा रविवार. साहेब बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, माझी मुलगी एकदा मेंढी झाली होती. काही का असेना, सिनेमा आणा. खणाचं बघू.

सिनेमाची गोष्ट फिलेमुने एका बैठकीत लिहिली. म्हातारा कोळी सांजवेळी मासा घेऊन गावच्या रस्त्याने घरी येतो. सूर्य बुडत असतो. घरात दिवा लागतो. म्हातारा थांबून दिव्याकडे बघतो. एवढंच. लिहून झाल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. कागद तिने आईला वाचून दाखवला.

आईचा हात चटईच्या विणीत होता. ती म्हणाली, "गोष्ट छान आहे गं. पण हा म्हातारा सा लागल्यावर रस्त्यावर काय करतोय?"

फिलेमुने कागदाची घडी घातली.

दिवस कलला की फागालूपेत शंख वाजतो आणि सा, म्हणजे प्रार्थनेची वेळ, लागते. अर्धा तास रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घराघरात माणसं चटईवर मांडी घालून गातात, प्रार्थना करतात. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गावचे गडी लुंगीसारखा लावालावा नेसून, काठ्या घेऊन उभे असतात. मोटार आली तर मोटार थांबते, पाहुणा आला तर पाहुणा थांबतो. दुसरा शंख वाजला की जग पुन्हा सुरू. आणि तोवर सूर्य गेलेला असतो.

चौतीस वर्षं फिलेमु त्या वेळेला घरात होती. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. सूर्य रोज चार हातांवर बुडत होता. पण डोळे मिटलेले असतात. भिंत नसलेल्या घरात मिटलेले डोळे हीच भिंत. जे तिने कधी पाहिलंच नव्हतं ते तिने खुशाल लिहून काढलं होतं, आणि वर स्वतःवर खूश झाली होती ती वेगळीच.

आता परवानगी काढणं आलं. गावच्या बैठकीत मताईंपुढे, म्हणजे घराण्यांच्या प्रमुखांपुढे, तिला स्वतः बोलता येणार नव्हतं; बोलायचे ते तिचे चुलते, लेफाओकाका. ते गावचे वक्ते. हातात लांब दंड, खांद्यावर काथ्याच्या धाग्यांचा झुपका, आणि जिभेवर बारा पिढ्यांची वंशावळ. पुतणीला अर्धा तास उशिरा सा हवी आहे, एवढं एक वाक्य होतं. काकांनी ते सृष्टीच्या आरंभापासून घेतलं. आवा या मानाच्या पेयाची वाटी दोनदा फिरली. तिसऱ्यांदा फिरताना परवानगी मिळाली: येत्या गुरुवारी, फक्त गुरुवारी, शंख अर्धा तास उशिरा वाजेल. फिलेमुने खांबाआडून ऐकलं आणि तिला हायसं वाटलं. इथे ती फसली. गावाने परवानगी दिली म्हणजे सिनेमा गावाचा झाला.

आणि गावाच्या सिनेमात पहिला माणूस कोण दिसणार? यावर वाद होण्याचं कारणच नव्हतं. थोरले मताई सेउमालो, वय पंच्याहत्तर. फिलेमुने काकांना चाचरत सांगितलं की गोष्टीतला म्हातारा साधा कोळी आहे. काका म्हणाले, हरकत नाही, सेउमालो साधे होतील. पण मग सेउमालोंनी मासा स्वतः कसा उचलायचा? मासा उचलायला एक माणूस. उन्हाची छत्री धरायला एक. आणि सेउमालो स्वतःच्या तोंडाने चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून शेजारी काका.

फिलेमु काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, सिनेमात कुणी बोलतच नाहीये. मुका आहे तो."

काका तिच्याकडे दयेने बघत म्हणाले, "पोरी, सेउमालो बोलणार नाहीत, हे आधी कुणीतरी सांगायला नको का?"

गुरुवारी चार वाजल्यापासून गाव रस्त्यावर होतं. मताई रस्त्याकडेला चटयांवर मानाप्रमाणे बसले. महिला समितीच्या बाया एकसारख्या हिरव्या झग्यांत, पंखे घेऊन आल्या आणि सगळ्यांत मानाची जागा बघून उभ्या राहिल्या. ती जागा नेमकी सूर्यासमोर होती. डुकरंही आली, त्यांना कुणी मान दिला नाही तरी.

फिलेमुने शाळेचा कॅमेरा तिपाईवर चढवला आणि लगेच उतरवला. मताई बसलेले असताना त्यांच्यासमोर ताठ उभं कसं राहायचं? तीही मांडी घालून बसली. तिपाईचे पाय मिटून कॅमेरा जमिनीलगत आला आणि त्यात मुख्यतः गुडघे दिसू लागले. मासा जरा डावीकडे हवा होता. डावीकडे जायचं म्हणजे मताईंच्या समोरून. म्हणून कंबरेत वाकून, हात जमिनीशी नेऊन, "तुलोउ, तुलोउ" असं माफी मागत जायचं. मासा हलवून "तुलोउ, तुलोउ" करत परत. छत्रीची सावली सेउमालोंच्या नाकावर पडली, पुन्हा "तुलोउ". पुढे तिने ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा त्रेचाळीस वेळा तिचाच आवाज होता. जगात इतकी माफी मागून कुणी दिग्दर्शन केलं नसेल. वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत जागेवर बसवणारी बाई. तिला त्या दिवशी एक छत्री वीतभर सरकवता आली नाही.

सेउमालो चालायला लागले तेव्हा मात्र सगळं शांत झालं. म्हातारा सुंदर चालत होता. पाऊल पडायचं ते जमिनीला विचारून. एका आंब्यापासून दुसऱ्या आंब्यापर्यंत यायचं आणि दिव्याकडे बघून थांबायचं, असं ठरलं होतं. पण काका त्यांच्या मौनाची घोषणा करण्यात इतके रंगले की थांबायची खूण द्यायची राहिली. सेउमालो दुसरा आंबा ओलांडून गेले.

आता थोरल्या मताईंना "थांबा" कसं म्हणायचं? तसा शब्दच नव्हता. होता, पण तो कुत्र्यांसाठी होता. फिलेमुने काकांच्या कानाशी लागून सांगितलं. काकांनी दंड सावरला आणि त्या एका शब्दाला मानाचे कपडे घालायला घेतले: आधी गावाला वंदन, मग घराण्याला, मग पर्वताला आणि पर्वतावरच्या ढगाला, मग थकलेल्या पावलांची थोरवी, मग विश्रांतीचं माहात्म्य. "थांबा" नेसूनसवरून बाहेर पडेपर्यंत सेउमालो, मासेवाला आणि छत्रीवाला शेजारच्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचले होते. तिथले लोक गडबडीने चटया घालू लागले. एवढा मोठा माणूस न कळवता आला म्हणजे एकतर लग्न, नाहीतर युद्ध. सूर्य हे सगळं बघत थोडा वेळ थांबल्यासारखा वाटला. मग तो निघून गेला. त्याने कुणाची परवानगी काढली नव्हती.

शंख वाजला. गाव पांगलं. फिलेमु मिटलेल्या तिपाईशी बसून राहिली आणि आईने हाक मारल्यावर उठली.

पदरात पडलं ते असं: बावन्न मिनिटं. त्यात गुडघे, काकांचं भाषण, एका डुकराचं नाक फार जवळून, आणि सूर्याच्या जागी पंधरा हिरवे झगे. काकांनी ते शुक्रवारी पाहिलं आणि त्यांना ते अतिशय आवडलं. फक्त आपल्या चेहऱ्याची दुसरी बाजू थोडी कमी आलीय, असं त्यांनी नमूद केलं. दुसऱ्यांदा सा पुढे ढकला म्हणायला फिलेमुची जीभ रेटेना. गावाने एवढं केलं होतं. नाही म्हणायलाही जागा ठेवली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ती आईला म्हणाली की मी आज शाळेत बसून प्रार्थना करते. आईने तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं, तिपाईचा पाय बाहेर आला होता त्याकडेही बघितलं, आणि म्हणाली, वारा आहे, काहीतरी पांघरून जा.

रस्त्याच्या वळणावर नीरफणसाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी तिने कॅमेरा लावला. पहिल्यांदाच उभं राहून. बसलेलं कुणी नव्हतंच.

शंख वाजला.

आधी कुत्री बसली. मग रस्त्याची धूळ बसली. मग उजेड जमिनीलगत आला, ओल्या हातांनी कुणी अंगण सारवावं तसा, सावकाश, कडेकडेने, एकही दगड न सोडता. घराघरातून गाणी उठली. एका घराची ओळ संपायच्या आत दुसऱ्याने धरली, दुसऱ्याची तिसऱ्याने. जणू गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दोर वळला जात होता. आणि रस्ता रिकामा. इतका रिकामा की तो तिला ओळखीचा वाटेना.

रिकामा म्हणजे एक माणूस सोडून. रस्त्याच्या टोकाला काठी घेऊन मालाकी उभा होता. फिलेमुचा धाकटा भाऊ. रग्बीत दोन माणसांना एकदम आडवं करणारा, मान अशी की टोपीपेक्षा रुंद. त्याने वळून बघितलं आणि त्याला बहीण दिसली.

गावात भाऊ बहिणीला उलटून बोलत नाही. आवाज चढवत नाही. तिच्या ताटात चांगला तुकडा पडेपर्यंत आपल्या ताटाला हात लावत नाही. आणि सा मोडणाऱ्याला अडवून मताईंपुढे उभं करणं हे पहाऱ्यावरच्या माणसाचं काम. हटकावं तर बहीण, सोडावं तर गाव. मालाकीने तोंड उघडलं. मिटलं. आभाळाकडे बघितलं, आभाळाने काही सुचवलं नाही. मग त्या डोंगराएवढ्या माणसाने जगातली सगळ्यात सोपी गोष्ट केली. तो वळला, आणि बहिणीकडे पाठ करून, सूर्याकडे तोंड करून उभा राहिला. जे दिसलं नाही ते घडलं नाही.

फिलेमु त्याला चौकटीत बघत राहिली. ती अपराध करतेय हे विसरली. त्याच्या कानामागे सकाळचं फूल तसंच राहिलं होतं. पाठ आधी सोन्याची झाली, मग तांब्याची. तेवढ्यात त्यांच्याच घरातून आईचा आवाज आला, बाकीच्यांपेक्षा अर्धी ओळ मागे, नेहमीसारखा:

*दिवस मावळला, देवा, तुझ्या ओंजळीत ठेव,*
*वाटेत राहिलं कोणी, त्याला हाताला धरून ने.*

मालाकीचे खांदे जरा हलले. काठी त्याने काखेत धरली, आणि तो गाऊ लागला. पहाऱ्यावरच्या माणसाने गायचं नसतं. तो इतक्या हळू गात होता की ओठ दिसत नसतानाही फक्त पाठीवरून कळत होतं. सूर्य गेला. पाठ राखेच्या रंगाची झाली, आणि गाणं संपलं.

दुसरा शंख झाल्यावर तो मागे न बघता निघाला. जाताना नीरफणसाला उद्देशून म्हणाला, "कुणाचं काही काम झालं असेल तर त्यांनी घरी जावं. आई ताटं वाढतेय."

जेवण होतंय न होतंय तोच लेफाओकाका आले. कुणीतरी सांगितलं होतं. काका भाषण न करता उभे राहिले, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळलं. कॅमेरा त्यांनी चटईत गुंडाळला आणि पुरावा म्हणून सेउमालोंच्या घरी नेला. सोमवारच्या बैठकीपर्यंत तो तिथेच राहणार होता. सोमवारी चारला मुदत, आपियाची शेवटची उपयोगाची बस दुपारी एकला, आणि बैठक सकाळी नऊला सुरू होते एवढंच माहीत; संपते कधी, याचा नियम कुणी केलेला नव्हता.

सोमवारी फिलेमु खाली मान घालून टोकाला बसली. साक्षीला लुसियामावशी होत्या. त्यांनी घरातून सगळं पाहिलं होतं: झाड, कॅमेरा, फिलेमुची ओढणी वाऱ्याने दोनदा उडाली तेसुद्धा. पाद्रीबुवांनी अगदी मवाळपणे विचारलं की प्रार्थनेच्या वेळी हे सगळं दिसायला डोळे उघडे असावे लागतात, ते कसे काय होते? मावशी म्हणाल्या, एकच होता. बैठकीत बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग मालाकीला विचारलं.

"मी काही पाहिलं नाही."

"का नाही?"

"पाठ होती."

"पहाऱ्यावरच्या माणसाची रस्त्याकडे पाठ का होती?"

मालाकीने जमिनीकडे बघितलं. "ताई होती."

तिथे बसलेल्या प्रत्येकाला बहीण होती. काकांनी सुचवलं की पुरावा बघावा. शाळेतला टीव्ही आणला, तार जोडली. सव्वाबारा होत आले होते. पाच मिनिटं मालाकीची पाठ, रिकामा रस्ता, आणि चाळीस घरांचं एकात एक विणलेलं गाणं.

सेउमालोंनी बोट हलवलं. पुन्हा लावा, असा त्याचा अर्थ काकांनी लावला. पुन्हा लावलं. साडेबारा वाजले. बोट पुन्हा हललं. तिसऱ्यांदा बघताना एका मताईंनी हलकेच सांगितलं की तो दुसरा आवाज आमच्या हिचा आहे; त्यांना गप्प करण्यात आलं. फिलेमु खांबांमधून रस्त्याकडे बघत होती. बारा चाळीस.

मग सेउमालो स्वतः बोलले. काकांनी चमकून दंड सावरला, पण त्यांची गरज नव्हती.

"पंच्याहत्तर वर्षं हे माझ्या दारात होतं," ते म्हणाले. "मी डोळे मिटून बसायचो. तेच योग्य आहे. पण कुणीतरी एकदा बघायला हवं होतं."

निकाल तिथल्या तिथे झाला. गुन्हा सिद्ध, इतका स्वच्छ सिद्ध झालेला गुन्हा गावाने आजवर पाहिला नव्हता. फिलेमुला एक मोठी डुकरीण दंड. मालाकीला पाठीबद्दल एक लहान डुक्कर. लुसियामावशींना एका डोळ्याबद्दल वीस अळकुड्या. कॅमेरा ज्याचा त्याला परत. समारोपासाठी लेफाओकाका उठले, सृष्टीच्या आरंभाकडे वळले, आणि रस्त्यावर बसचा भोंगा ऐकू आला.

काकांना अडवता येत नव्हतं, रीतच तशी. सेउमालोंनी मालाकीकडे बघून भुवई उचलली. मालाकी आणि दुसरा एक गडी काठ्या घेऊन रस्त्यावर जाऊन आडवे उभे राहिले. बस थांबली. भर दुपारी एक वाजता पहारा बघून चालक गोंधळला, पण पहारा तो पहारा. त्याने इंजिन बंद केलं. उतारूंनी, मांडीवर बसलेल्या आणि मांड्या दिलेल्या सगळ्यांनी, निमूटपणे डोळे मिटले. काकांचं भाषण आटोपेपर्यंत बसमध्ये दोन स्तोत्रं म्हणून झाली होती. फिलेमु चढली तेव्हा म्हाताऱ्या बायांनी "आमेन" म्हणून डोळे उघडले.

चारला सात मिनिटं कमी असताना ती खिडकीशी पोहोचली. मयत आटोपून किल्ली परत आली होती.

डिसेंबरात मुलाखत झाली, शाळेतल्या संगणकासमोर. पडद्यावर ऑकलंडचे तिघं होते. काय बोलायचं ते लेफाओकाकांनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं: अभिनेत्याची निवड, प्रकाशाची योजना, अनेक आठवड्यांची तालीम. बारा वर्षांत तिने किती पोरांना किती पाठ करायला लावलं, आणि आज तिचीच वेळ आली होती.

मधल्या बाई म्हणाल्या की आम्ही तुमचा सिनेमा चार वेळा पाहिला. तो माणूस शेवटपर्यंत चेहरा दाखवत नाही, आणि तरी त्याच्या मनात काय चाललंय ते सगळं कळतं. हे त्याच्याकडून तुम्ही कसं करून घेतलंत? काय सांगितलंत त्याला?

फिलेमुने तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जागच्या जागी होतं, एकही शब्द हरवला नव्हता. ते तसंच राहू देऊन ती म्हणाली, "काही नाही सांगितलं. तो माझा भाऊ आहे. मी नियम मोडत होते, आणि त्याला ते बघायचं नव्हतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी बघितलं."

पलीकडे तिघांनी एकमेकांकडे बघितलं. फिलेमुला वाटलं, संपलं, आता गणित. मालाकीच्या डुकराबद्दल तिला वाईट वाटलं. मधल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वर बघून त्यांनी विचारलं, फेब्रुवारीत लागणार नाही, पण जूनपासून इथे थंडी असते. तुमच्याकडे स्वेटर आहे का?

हा प्रश्न कशाबद्दल आहे हे कळायला फिलेमुला दोन श्वास लागले. मग तिने मान हलवली. नाही, म्हणून, आणि हो, म्हणूनही.

गावात स्वेटर एकच होता. सेउमालोंनी तरुणपणी वेलिंग्टनला जाऊन आणलेला, जाडजूड, खाकी, दोन गुंड्या गेलेला. तो जानेवारीत एका दुपारी फिलेमुच्या घरी आला: चटईवर घडी करून, छत्रीखाली, मागे मताई आणि पुढे लेफाओकाका. काकांनी मेंढीपासून सुरुवात केली. दिलेली वस्तू लगेच अंगावर चढवायची असते, म्हणून फिलेमुने तो भर उकाड्यात घातला. बाह्या बोटांच्या खाली वीतभर लोंबल्या. आई पंख्याने वारा घालत होती, मालाकी नारळ सोलून पुढे करत होता, आणि घामाच्या धारा लागलेली फिलेमु मांडी घालून, चेहऱ्यावरचं हसू न सांडता, भाषण शेवटपर्यंत ऐकत बसली.